बाजारातली सवाशीण

बाजाराला दार असतं, हे इंदूबाईला साठी उलटल्यावर कळलं. तिच्या लेखी बाजार म्हणजे नेरळचा, नाहीतर कर्जतचा. वर ताडपत्री, खाली गोणपाट आणि समोरून जाणारे माणसांचे पाय. कळंबहून काकड्या नि शिराळी टेंपोत टाकून ती तिथे बसायला जायची, थेट तिचा लेक नवीन कमावता होईपर्यंत. बेलफास्टच्या या बाजाराला मात्र चारी बाजूंनी लाल विटांच्या भिंती, आत लोखंडी खांब आणि वर काचेचं छप्पर. खोपोलीला कंपन्यांच्या शेड असतात तशी शेड, फक्त यंत्रांच्या जागी पाव, मासळी, चीज, मेणबत्त्या, लोकरीच्या टोप्या आणि हाताने घडवलेली मातीची भांडी. मधल्या मोकळ्या जागेत एक म्हातारा गिटार घेऊन गात होता आणि लोक त्याच्यासमोर बसून खात होते.

"आई, शंभर वर्षांहून जुना आहे हा बाजार," सुरभी म्हणाली.

"मंग काचा बऱ्या टिकल्या," इंदूबाईने वर बघितलं. "आपल्याकडं पोरांनी क्रिकेट खेळून कवाच फोडल्या असत्या."

सुरभी पोटावर हात ठेवून हसली. सून हसली की इंदूबाईला बरं वाटायचं आणि पाठोपाठ धास्तीही वाटायची. सुरभीला सातवा सरत आला होता.

आज तिची ओटी भरायची होती. गरोदर बाईच्या पदरात तांदूळ, नारळ, खण, फळं घालतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ती सवाशिणीने भरायची, जिचा नवरा जिता आहे अशाच बाईने, हेही सांगायला नको. आणि इंदूबाईचा सदू तर वर गेलेला. म्हणजे घरात सख्खी आजी होती, पण तिचा हात बाद.

तसं हे शास्त्र इंदूबाईने एकदा मोडून पाहिलं होतं. पहिल्या वेळी सुरभी कळंबलाच होती. सदूला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तरी घरात पाळणा हलणार म्हणून इंदूबाईने गावजेवण घालावं तसा थाट केला. बायका आल्या, त्यांनी ओट्या भरल्या, आणि ही बिचारी चुलीपाशी वडे तळत बसली. सगळ्या पानांवर बसल्या तेव्हा पाटाशेजारी एक नारळ राहिलेला दिसला. "आई, हा तुम्ही घाला ना," सुरभी म्हणाली. इंदूबाईला मोह आवरला नाही. हळद नाही, कुंकू नाही, नुसता नारळ तिने सुनेच्या पदरात घातला आणि तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पुढच्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, पेशंटचं प्रेशर वाढलं होतं, दुसरं काही कारण नाही. पण थोरली जाऊ गौराबाई ओसरीवर बसून म्हणाली, "इंदे, तुझा हात लागाया नको व्हता गं." दुष्टाव्याने म्हणाली असती तर इंदूबाईने चार शिव्या हासडून विषय मिटवला असता. पण गौराबाई रडत म्हणाली, इंदूबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. वैऱ्याचं बोलणं झटकता येतं, आपल्या माणसाचं कसं झटकणार? ते आत जाऊन बसलं ते बसलंच.

पुढे सुरभीला इथल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. नवीनही तिच्यामागून आला आणि एका गोडाऊनमध्ये कामाला लागला. आता पुन्हा दिवस गेले म्हटल्यावर त्यांनी इंदूबाईला बोलावून घेतलं. तिने बॅगेत हळदीकुंकवाचा करंडा, हळकुंडं, हिरवा खण आणि आपल्या शेतातले ओंजळभर तांदूळ आणले. आणि आल्या दिवशीच भांडण लागलं.

भांडण कसलं, दोघींचा हट्ट. सुरभीची आई ती शाळेत असतानाच गेलेली. इंदूबाईला ती आई म्हणायची ते तोंडदेखलं नव्हे. "माझी ओटी तुम्ही भरणार असाल तर भरा," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे. माझं काही अडलेलं नाही."

"मी भरनार नाय," इंदूबाई म्हणाली. "येकदा हात पोळलाय माझा."

"हात तुमचा नव्हता पोळला, आई. माझं प्रेशर वाढलं होतं. मी नर्स आहे, मला कळतं."

"तू नर्स आसशील. मी आजी हाय."

मध्ये नवीनची अवस्था अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी झाली. शेवटी त्यानेच तोड काढली. सुरभीच्याच वॉर्डात प्रिया नावाची एक नागपूरकडची नर्स होती. नवरा जिता, दोन धडधाकट लेकरं. ती संध्याकाळी येऊन ओटी भरेल असं ठरलं. सुरभी ओठ घट्ट मिटून तयार झाली, ती केवळ सासूच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून. दिवसही आजचाच धरावा लागला. उद्यापासून पितृपंधरवडा, आणि तो संपेतो सुरभीला आठवा लागणार.

म्हणून दोघी नारळ आणि फळं घ्यायला या बाजारात आल्या होत्या. भाजीवाल्याकडे नारळ मिळाला. इंदूबाईने तो कानाशी हलवून, आत पाणी आहे याची खात्री करून घेतला. सफरचंदं घेतली, पेर घेतले, केळी घेतली. सगळं पिशवीत पडलं आणि सुरभीचा फोन वाजला. प्रिया होती. वॉर्डातली कुणीतरी आजारी पडली, तिला डबल ड्यूटी लागली, येणं जमणार नाही.

सुरभीने फोन खिशात ठेवला. "बघा, आई. आता दुसरं कोण आहे आपलं इथे? तुम्हीच भरा."

"नाय."

"मग नकोच. चला घरी."

इंदूबाई जागची हलली नाही. नातवंडाला ओटीशिवाय या जगात आणायचं हे तिच्या मनाला पटेना, आणि आपला हात लावायचं तर त्याहून नाही. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सगळ्या बाजारावरून नजर फिरवली. जिकडेतिकडे बायाच बाया. विकणाऱ्या बाया, घेणाऱ्या बाया, गाणं ऐकत चहा पिणाऱ्या बाया.

"येवढा बाजार भरलाय," ती म्हणाली. "त्यात येक सवाशीण मिळनार नाय?"

"आई, अहो, असं कुणालाही कसं विचारणार?"

"इचारू की तोंडानं. तू इंग्लिश बोलतीस का नाय? तेवढं सांग, हितली सवाशीण वळखायची कशी? गळ्यात तर कोनाच्याच काय नाय."

सुरभी दमली होती. वाद घालण्यापेक्षा उत्तर देणं सोपं म्हणून ती म्हणाली, "डाव्या हाताच्या या बोटात अंगठी असते. लग्न झालं की घालतात."

झालं. इंदूबाईला खूण मिळाली. आता ती बाजार बघेचना, नुसते हात बघत चालली. पाववालीचा चेहरा गोड होता, पण हात कोपरापर्यंत पिठात आणि बोटं मोकळी. "पीठ चिकटतं म्हणून काढून ठेवली असेल," सुरभी म्हणाली. "आपन काय कनीक मळताना मंगळसूत्र काढून ठेवतो का?" इंदूबाईने तिला बाद केलं. पुढे चांदीचे दागिने विकणारी एक तरुण पोर होती, तिच्या दहाही बोटांत अंगठ्या. इंदूबाई थांबली, निरखून पाहिलं आणि विचारलं, "हिला नवरं किती?" सुरभीला हसू आवरेना, ती तोंडाला रुमाल लावून पुढे झाली. टोप्या विणत बसलेल्या बाईच्या बोटात मात्र एकच अंगठी होती, अगदी हवी तशी. पण ती मान वर करून बघेना, कपाळावर आठ्या. "नको. हिची सासू हिला छळत आसंल," इंदूबाई म्हणाली आणि निघाली.

मासळीच्या गाळ्यापाशी ती थबकली. लांब फळ्यावर बर्फ पसरून हाताएवढाले मासे मांडलेले, बाजूला वाळवलेलं जांभळं समुद्री शेवाळ पुड्यांत भरून ठेवलेलं. त्याचा वास आला तशी तिला घरच्या सुकटीची आठवण आली. फळ्यामागे साठीची एक धिप्पाड बाई सुरी चालवत होती आणि त्याच दमात पलीकडच्या गाळ्यावाल्याची काहीतरी टिंगल करत होती. तो हसत होता, गिऱ्हाइकं हसत होती. पनवेलहून पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणी अशाच बोलायच्या. मुलूख बदलला तरी कोळीण ती कोळीण.

इंदूबाईने तिचा डावा हात बघितला. थंडीने लालबुंद झालेला, जाड, कामाचा हात. आणि त्या बोटात एक बारीक सोन्याची अंगठी मांसात रुतून बसलेली. कित्येक वर्षांत निघाली नसणार.

"ही," इंदूबाई म्हणाली.

बाईचं नाव बर्नी. सुरभीचं पोट बघून तिनेच आधी फळ्यामागचं स्टूल बाहेर सरकवलं आणि तिला बसवलं. मग सुरभीने लाजत, अडखळत सगळं सांगितलं. आमच्याकडे अशी रीत असते, येणार होती ती मैत्रीण आली नाही, माझ्या सासूबाईंना तुमचा हात आवडलाय. बर्नी सुरी हातात धरून ऐकत होती. तिने एकदा सुरभीकडे पाहिलं, एकदा इंदूबाईकडे, आणि सुरी खाली ठेवली.

"मी काय करायचं तेवढं दाखवा," ती म्हणाली.

तिने मागच्या नळावर साबणाने हात धुतले. नाकाशी नेऊन हुंगले, तोंड वाकडं केलं, एक लिंबू चिरून हातांवर घासलं आणि पुन्हा धुतले. ओला एप्रन काढून स्वच्छ एप्रन बांधला. इंदूबाई हे सगळं बघत होती. मासळीचे हात म्हणून तिच्या मनात आलेली शंका तिथेच गेली. आपल्याकडे कोळणी काय ओट्या भरत नाहीत?

फळ्याच्या कडेला जागा करून इंदूबाईने करंडा उघडला. स्वतः कशाला हात लावायचा नाही म्हणून खुणांनी सांगू लागली. आधी सवाशिणीला कुंकू. सुरभीने उठून बर्नीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तशी ती एवढी मोठी बाई लहान मुलीसारखी वाकली. मग तिने आपलं जाड बोट करंड्यात बुडवलं आणि सुरभीच्या कपाळावर टेकवलं. रुपयाएवढा टिळा उमटला. सुरभीने कोटावर घेतलेली ओढणी झोळीसारखी पुढे धरली. बर्नीने कळंबच्या शेतातले तांदूळ ओंजळीत घेतले, एक दाणा सांडू न देता तिच्या ओटीत घातले. खण घातला. सफरचंदं, पेर, केळी घातली. मागे थांबलेली गिऱ्हाइकं गप्प राहून बघत होती. कुणी घाई केली नाही. इंदूबाईच्या छातीवरचं ओझं हळूहळू उतरत होतं. आता नारळ तेवढा राहिला होता.

आणि बर्नीने नारळ घेण्याऐवजी पुन्हा करंड्यात बोट बुडवलं. तिघी आहोत, दोघींना लागलं, तिसरीला राहिलं, एवढंच तिच्या मनात असणार. ती हसत इंदूबाईकडे वळली.

इंदूबाई झटकन मागे सरली. तिने बर्नीचं मनगट हवेतच धरलं. "नको, नको. हिला सांग, सुरभी. मला चालत नाय."

सुरभीने सांगितलं. माझे सासरे वारलेत. आमच्याकडे नवरा गेला की बाईला कुंकू लावत नाहीत.

बर्नी दोनच वाक्यं बोलली.

"काय म्हनली?"

"काही नाही, आई."

"सांग गं."

सुरभीने ओढणी दोन्ही मुठींत घट्ट धरली. "म्हणाली, माझाही गेलाय. बरीच वर्षं झाली."

इंदूबाईने फळ्याचा आधार घेतला. ज्या गोष्टीला भिऊन ती सातासमुद्रापार सवाशीण शोधत हिंडली, तेच झालं होतं. तांदूळ पोटाशी जाऊन बसले होते. झाडून टाकावेत? सगळं इथेच खाली ओतावं? सुरभीने तिच्या डोळ्यांतलं वाचलं असावं. ती दोन पावलं मागे सरली. "मी हे टाकणार नाही, आई," ती म्हणाली. तिची मूठ सैल झाली नाही.

"मंग आंगठी कशाला घातलीस गं बाई?" इंदूबाईने बर्नीला सरळ मराठीतच विचारलं. ती रागावली होती, आणि राग नेमका कुणाचा आलाय ते तिलाही उमगेना. सुरभीने प्रश्न इंग्रजीत केला.

बर्नीने आपल्या हाताकडे बघितलं. हा प्रश्न तिला कुणी कधी विचारलाच नसावा. ती सावकाश बोलली आणि सुरभी मागोमाग सांगत गेली. "ती म्हणते, माझं लग्न झालं होतं ना. तो गेला म्हणून ते झालंच नव्हतं असं कसं होईल?"

"कोनी काढ म्हनलं नाय तिला?"

"म्हणते, कोण म्हणणार?"

इंदूबाईला आठवलं. सदूला नेल्यावर घरात बायका जमल्या होत्या. गौराबाईने पदर पाण्यात बुडवला आणि रडत रडत हिचं कपाळ पुसलं. हिने मुकाट पुसून घेतलं. पुसू का, असं कुणी विचारलं नव्हतं, आणि नको म्हणता येतं हे हिला माहीत नव्हतं. सदूचा तर तिच्यावर केवढा जीव. नेरळहून ती बाजार करून येईस्तोवर तो भात लावून ठेवायचा. तिच्या कपाळावरची कुंकवाची चिरी पुसून सदूचं काय भलं झालं, हे इंदूबाईला आजवर कळलेलं नव्हतं.

बर्नीचं बोट अजून तसंच वर होतं. मनगट इंदूबाईच्या मुठीत. इंदूबाई त्या हाताकडे बघत राहिली. परक्या पोरीसाठी लिंबू लावून दोनदा धुतलेला हात. या हाताने आपल्या नातवंडाचं वाईट होईल, असं मनाला बजावून बघितलं तरी ते खरं वाटेना. आणि या हातात वाईट नसेल, तर मग? तिचे डोळे भरून आले.

"सुरभी," ती म्हणाली, "मंग त्या टायमाला माझ्या हातात काय वाईट व्हतं गं?"

"काही नव्हतं, आई. कधीच नव्हतं. मी केव्हाची तेच सांगतेय."

इंदूबाई रडली. भर बाजारात, माशांच्या फळ्यापाशी, गिऱ्हाइकांच्या देखत रडली. त्या गेलेल्या बाळासाठी ती कधी धड रडलीच नव्हती. आपणच घालवलं त्याला, आता कुठल्या तोंडाने रडायचं, असं म्हणून सगळं आत कोंडून ठेवलं होतं. बर्नीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी तिने मोकळ्या हाताने इंदूबाईचा खांदा धरून ठेवला.

मग इंदूबाईने मनगट सोडलं आणि मान खाली केली. गार बोट कपाळावर टेकलं. लिंबाचा वास आला, त्याच्या खालून मासळीचाही आला.

तिने डोळे पुसले, कपाळाला धक्का न लावता. फळ्यावरचा नारळ उचलला, सुरभीच्या ओटीत घातला आणि तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सुरभीने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं, मध्ये नारळ, फळं, तांदूळ आणि बाळ घेऊन.

निघताना बर्नीने एक मोठा मासा कागदात बांधून दिला. इंदूबाईने करंड्याशेजारची सुटी हळकुंडं तिच्या हातावर ठेवली. बाईला रिकाम्या हाताने कसं सोडायचं?

घरी येऊन मासा गॅसवर चढतो न चढतो तोच गौराबाईचा व्हिडिओ कॉल आला. कळंबला दिवेलागण झाली होती. गौराबाई आपल्या ओसरीवर बसलेली, मागे खाटेवर थोरले दीर. लकवा मारल्यापासून ते अंथरुणावरच होते आणि गौराबाई त्यांचं सगळं करायची.

"झाली का गं वटी?" गौराबाईने विचारलं, आणि लगेच फोन डोळ्यांजवळ नेला. "इंदे, कपाळाला काय लागलंय तुझ्या?"

"कुकू हाय, वैनी."

इंदूबाईला वाटलं, आता ऐकवील. ती ऐकायला तयार होऊनच बसली होती.

"वटी कोनी भरली?"

"हितली येक मासं इकनारी हाय, तिनं भरली. तिचाबी नवरा नाय. आन नारळ मी घातला."

तिकडे खाटेवर दीर खोकले. गौराबाई उठून गेली, त्यांना पाणी पाजल्याचा आवाज आला. परत आली ती फोन घेऊन अंगणात, तुळशीपाशी. अंधारात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"इंदे," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझं कपाळ मीच पुसलं व्हतं."

"व्हय."

"आन ते वटीचंबी मीच बोलले व्हते."

"व्हय, वैनी."

गौराबाईने पदराने नाक पुसलं. "यांचं आता काय खरं नाय गं. माझ्यावर टाइम आला की बायका पानी घेऊन येतील. तवा तू दारात उभी ऱ्हा. कोनाला आत सोडू नको."

"ऱ्हाते," इंदूबाई म्हणाली.